आठ महिने टेस्ट आणि कव्हरेज वापरल्यावर: मला लाल ओळी जास्त उपयोगी पडल्या

आमची वर्गणीची बिलं काढणारी एक जुनी सिस्टीम आहे. पायथनमध्ये लिहिलेली, सहा-सात वर्षं जमेल तशी वाढत गेलेली. गेल्या ऑगस्टपर्यंत तिला टेस्ट (कोड बरोबर चालतोय का ते आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम) होत्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. काही बदललं की दोघं जण स्क्रीनवर दहा-बारा ठिकाणी क्लिक करून बघायचे आणि मग देवाचं नाव घेऊन डिप्लॉय, म्हणजे बदल खऱ्या वापरात. ऑगस्टमध्ये आम्ही पायटेस्ट (टेस्ट चालवणारं साधन) आणि कव्हरेज.पाय (टेस्ट चालताना कोडच्या किती ओळी प्रत्यक्ष चालल्या ते मोजणारं) ही जोडी बसवली. पहिल्या आठवड्यात हे लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक लिहिलं असतं, आणि तिसऱ्या महिन्यात बहुतेक शिव्या. म्हणून थांबले.

बसवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अर्ध्या दिवसाचं काम. पायटेस्टमध्ये साधा असर्ट लिहायचा, म्हणजे उत्तर काय यायला हवं ते सांगणारी ओळ. तो फसला की डावीकडे काय आलं, उजवीकडे काय अपेक्षित होतं हे ते नीट दाखवतं. ज्याला पायथन येतं त्याला हे वेगळं शिकावं लागत नाही.

पहिला कव्हरेज रिपोर्ट आला तेव्हा आकडा होता २३ टक्के. मीटिंगमध्ये सगळे त्या आकड्याकडे बघत होते. मी एचटीएमएल रिपोर्ट उघडून लाल ओळी, म्हणजे एकाही टेस्टमध्ये न चाललेल्या ओळी, वाचत बसले, आणि आठ महिन्यांतला सगळ्यात मोठा फायदा मला त्याच दुपारी झाला. पेमेंट नाकारलं गेलं तर काय करायचं, तो अख्खा एक्सेप्ट ब्लॉक (एरर आली तरच चालणारा कोड) लाल होता. त्यासाठी टेस्ट लिहिली तर ब्लॉक पहिल्याच ओळीत कोसळला, कारण एका व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलेलं होतं. पायथन अशी नावं ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत तपासत नाही. म्हणजे पडल्यावर सावरायला ठेवलेला कोडच पडत होता, आणि तो कधीपासून तसा होता हे शोधायची माझी तरी हिंमत झाली नाही.

ॲपलच्या एसएसएल कोडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरची जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या भागात, ‘गोटू फेल’ ही एक ओळ चुकून दोनदा पडली होती, हे २०१४ मध्ये उघड झालं. त्यामुळे तिच्या खालची सही तपासणारी ओळ कधी चालतच नव्हती. कंपायलरला त्यात वावगं दिसलं नाही, पण कव्हरेज रिपोर्टमध्ये ती ओळ लाल दिसली असती. कव्हरेज या कामाला उत्तम आहे: कुठे कुणी फिरकलेलंच नाही, ते दाखवायला.

आता तक्रारी. सप्टेंबरमध्ये वरून फर्मान आलं की कव्हरेज ८० टक्क्यांच्या खाली गेलं तर बिल्ड (बदल केल्यावर होणारी आपोआप तपासणी) नापास. पंधरा दिवसांत आकडा ८० वर गेला. कसा गेला ते नंतर कळलं. कितीतरी टेस्टमध्ये असर्टच नव्हता. फंक्शन बोलवायचं, एरर आली नाही म्हणजे झालं. ओळी चालल्या, हिरव्या झाल्या, उत्तर बरोबर की चूक हे कुणी विचारलंच नाही. कुणाला दोष देत नाही, त्यांतल्या दोन टेस्ट माझ्याच होत्या. चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल हेच म्हटलं होतं, की एखाद्या मोजमापावर नियंत्रणासाठी भार टाकला की ते मोजमाप भरवशाचं राहत नाही. आम्ही ते पंधरा दिवसांत करून दाखवलं.

त्या नियमाचा आणखी एक विनोद. एकाच कामाचा कोड दोन ठिकाणी होता, दोन्हीकडे व्यवस्थित टेस्ट होत्या. मी एक जागा काढून टाकली. कोड कमी झाला, गुंता कमी झाला, आणि बिल्ड नापास! गणित सरळ आहे. १००० ओळींपैकी ८०० चालत असतील तर ८० टक्के. चालणाऱ्यांतल्या ५० ओळी काढल्या की ९५० पैकी ७५०, म्हणजे ७९ सुद्धा पूर्ण नाहीत. केर काढल्याबद्दल दंड झाला. त्या दिवशी आकडा वर आणण्यासाठी मी एक बिनकामाची टेस्ट लिहिली, हे इथे कबूल करते.

सुरुवातीला आम्ही फक्त ओळी मोजत होतो, हेही चुकलं. इफ असेल आणि एल्स नसेल, तर अट खरी ठरणारी एक टेस्ट पुरते आणि सगळ्या ओळी हिरव्या होतात. अट खोटी ठरली तर काय, हे तपासलंच जात नाही. डिसेंबरमध्ये ब्रँच कव्हरेजचा, म्हणजे अटीच्या दोन्ही वाटा मोजण्याचा, पर्याय चालू केला तर ८१ चे ७३ झाले. कोड तोच, टेस्ट त्याच. तुम्ही नव्याने सुरुवात करत असाल तर तो पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

पण ब्रँच मोजूनही पुरत नाही, आणि हा धडा महागात पडला. ऑक्टोबरमध्ये मी पुढच्या बिलाची तारीख काढणारं फंक्शन नव्याने लिहिलं. महिना एकने वाढवायचा, डिसेंबर असेल तर वर्ष बदलायचं. १५ मार्च आणि १० डिसेंबर अशा दोन तारखांच्या टेस्ट. सगळ्या ओळी, १०० टक्के हिरवं. ब्रँच तेव्हा मोजल्या असत्या तर त्याही. मी खूश. ३१ ऑक्टोबरच्या रात्री बिलं काढणारा जॉब कोसळला, कारण फंक्शन ३१ नोव्हेंबर बनवायला गेलं. तशी तारीख नसली की महिन्याचा शेवटचा दिवस घ्यायचा, अशी दुरुस्ती केली, टेस्ट जोडली, पुन्हा १०० टक्के. मग ३१ तारखेच्या ग्राहकांना पुढचं बिल ३० डिसेंबरला गेलं. नोव्हेंबरमध्ये ३० झालेली तारीख परत ३१ वर येतच नव्हती. आणि फेब्रुवारीनंतर ती २८ वर अडकली असती. कोडमध्ये जी अट लिहायचीच राहून गेली, ती चालली की नाही हे कव्हरेज कुठून सांगणार? मूळ तारीख वेगळी साठवली तेव्हा प्रकरण मिटलं. आता त्या फंक्शनची टेस्ट सलग चोवीस महिने पुढे चालून बघते.

असर्ट खरे आहेत की नावापुरते, हे पडताळायला म्युटेशन टेस्टिंग करून पाहिलं. कल्पना जुनी आहे, रिचर्ड लिप्टन यांनी ती १९७१ मध्ये विद्यार्थी असताना मांडली. कोडमध्ये मुद्दाम छोटी चूक पेरायची, ‘पेक्षा मोठं’च्या जागी ‘मोठं किंवा समान’ वगैरे, आणि एखादी तरी टेस्ट ओरडते का बघायचं. सवलतीच्या मॉड्यूलवर चालवलं तर बऱ्याच चुका टेस्टना दिसल्याच नाहीत. डोळे उघडले. पण प्रत्येक चुकीसाठी टेस्ट पुन्हा चालवाव्या लागतात, त्यामुळे पूर्ण कोडवर हे परवडणार नाही. पैशांचा हिशोब करणाऱ्या दोन मॉड्यूलपुरतं ठेवलंय. एसक्यूलाइट या डेटाबेसचे लोक मूळ कोडच्या शेकडो पट टेस्टचा कोड सांभाळतात आणि १०० टक्के ब्रँच कव्हरेज ठेवतात. त्यांचं उत्पादन अगणित उपकरणांत बसतं, त्यांना ते शोभतं. आमच्यासारख्यांनी त्यांच्याशी बरोबरी करू नये.

सगळ्यात जास्त वैताग दिला तो लहरी टेस्टनी. एक टेस्ट दिवसभर पास व्हायची आणि रात्री काही तासच नापास. आजची तारीख एका जागी यूटीसीने (जागतिक प्रमाणवेळेने) घेतली होती, दुसऱ्या जागी स्थानिक वेळेने. कारण सापडायला तीन आठवडे लागले, आणि तोवर टीमला ‘पुन्हा चालव, होईल हिरवं’ ही सवय लागली होती. एकदा खरा बग पकडलेला असतानाही बिल्ड दोनदा पुन्हा चालवली गेली. आता लहरी टेस्ट त्याच दिवशी दुरुस्त करतो, नाहीतर बाजूला काढतो. मॉकबद्दलही थोडं सांगते. पेमेंट सेवेचा आम्ही बनवलेला मॉक, म्हणजे टेस्टपुरती तिची नक्कल, कायम आम्हाला हवं तेच उत्तर द्यायचा. खऱ्या सेवेने एका फील्डचं नाव बदललं तेव्हा आमच्या टेस्ट मजेत हिरव्या होत्या.

एवढं असूनही मला आता टेस्टशिवाय काम करायला सांगितलं तर मी नाही म्हणेन. कारण मार्चमधला पायथनचा बदल, ३.८ वरून ३.१२. टेस्ट नसत्या तर आम्ही तो अजून एक वर्ष पुढे ढकलला असता. ३.१२ मध्ये डिस्टयुटिल्स हे पायथनसोबत येणारं जुनं मॉड्यूल काढून टाकलंय आणि आमचा कोड त्यातलं स्ट्रटूबूल हे फंक्शन गुपचूप वापरत होता. दोन फाइल्समध्ये ते सुरुवातीलाच इम्पोर्ट केलेलं (बाहेरून मागवलेलं), तिथे टेस्ट सुरू व्हायच्या आतच बोंब झाली. बाकीची पडझड धरून तीन दिवसांत सगळं हिरवं.

डिप्लॉयच्या आदल्या दिवशी मी कव्हरेज रिपोर्ट उघडला आणि फक्त लाल भाग डोळ्यांनी वाचून काढला, दोनेक तास लागले. एक्सेल निर्यातीच्या एका फंक्शनच्या पोटात तोच इम्पोर्ट तिसऱ्यांदा बसला होता. तिथे एकही टेस्ट पोचत नव्हती, म्हणून हिरव्या बिल्डला त्याचा पत्ता नव्हता. महिनाअखेरीला कुणीतरी ते बटण दाबलं असतं.

८० टक्क्यांचा नियम आम्ही एप्रिलमध्ये काढला. आता बिल्ड एकूण आकड्यावर अडत नाही. नव्या बदलातल्या लाल ओळी रिव्ह्यूमध्ये (सहकारी कोड तपासतात तेव्हा) दिसतात आणि लिहिणाऱ्याने त्या लाल का ठेवल्या ते सांगायचं. ‘हे फक्त लॉग लिहितं’ हे उत्तर चालतं. ‘वेळ नव्हता’ हेही कधीकधी चालवून घेतो. आकडा ७४ वर आलाय. तीन फाइल्स अजून पूर्ण लाल आहेत. त्यांतली एक लवकरच बंद होणार आहे म्हणून तिला हात लावत नाही. उरलेल्या दोन परताव्याच्या हिशोबाच्या आहेत, त्यांना या महिन्यात बसणार आहे.