डेन्व्हरजवळचं भंगार आवार: माल उत्तम, सल्ला घेऊ नका

माझ्याकडे १९८५ची टोयोटा पिकअप आहे, फोर व्हील ड्राइव्ह, ४ सिलिंडरची. मागच्या एक्सलची नळी बेअरिंगच्या जागी खाल्ली गेली, तेव्हा या आवारात गेलो. दोन डॉलर भरून आत जायचं, स्वतःची हत्यारं, स्वतःचा घाम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लहानपण गेल्यामुळे भंगाराचा वास मला घरचाच वाटतो.

काउंटरवरच्या गृहस्थांना विचारलं, १९९१चा एक्सल माझ्या गाडीला बसेल का? मान वर न करता म्हणाले, "टोयोटा ती टोयोटा. बोल्ट मारा नि चालवा." आमच्याकडचे मिस्त्री निदान गाडीखाली वाकून तरी बघायचे.

हे आवार मला आवडलं ते मात्र एका कारणासाठी: गाड्या अख्ख्या उभ्या असतात. रिमच्या स्टँडवर चढवलेल्या, चासी आणि एक्सल जागच्या जागी. त्यामुळे काही सोडवायच्या आधीच टेप लावता येतो. माझी मापं मी वहीत लिहून नेली होती. दोन कमानपाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठकींमधलं अंतर जुळलं, चाकाचे ६ बोल्टही त्याच वर्तुळावर. पण हबपासून हबपर्यंत १९९१चा एक्सल जवळजवळ ३ इंच रुंद निघाला. १९८६पासून टोयोटाने पुढचा सरळ एक्सल काढून टॉर्शन बारवालं (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांचं) स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, पुढच्या चाकांमधलं अंतर वाढलं, म्हणून मागच्याही.

खरा धोका गिअर रेशोत होता, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे किती फेरे होतात त्यात. मागचा-पुढचा रेशो वेगळा असेल आणि फोर व्हील लावून कडक डांबरी रस्त्यावर गेलात, तर ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) जीव जातो. माझा रेशो ४.१०. शेजारीच उभ्या असलेल्या व्ही-६चा (६ सिलिंडरवाल्या गाडीचा) एक्सल "जास्त दणकट" म्हणून काउंटरवाले गळ्यात मारत होते. मी खडूने खूण केली, एक हब पक्का धरायला लावला (शेजारच्या मुलाला एक बर्गर कबूल करून) आणि दुसरा २० फेरे फिरवला. प्रॉपेलर शाफ्टचे ४३ फेरे झाले. एक चाक धरलेलं असलं की दुसऱ्याचे २० फेरे म्हणजे दोन्ही चाकांचे १०, म्हणजे रेशो ४.३०. ४ सिलिंडरवाल्या १९९१च्या गाडीचे भरले ४१, म्हणजे माझ्यासारखाच ४.१०. तिचाच घेतला, १८० डॉलरला.

मोह चासीचाही झाला. माझी मागच्या हँगरजवळ (कमानपाटी चासीला टांगते तिथे) रस्त्यावरच्या मिठाने पोखरलीय. हातोडी मारली की ढबढब वाजते. १९९१ची खणखणीत वाजत होती. पण तिच्यावर पुढच्या कमानपाट्यांचे हँगर नाहीत, उलट टॉर्शन बारची सगळी ब्रॅकेट्स. ती कापून नवे हँगर वेल्ड करण्यापेक्षा माझ्याच चासीला ठिगळ लावणं स्वस्त पडेल. टाकोमांच्या (टोयोटाच्याच नंतरच्या पिकअपच्या) ओळीत तर हातोडी काढलीच नाही. १९९५ ते २००० या मॉडेलांच्या चासीच्या गंजासाठी २००८ मध्ये कंपनीला हमी १५ वर्षांपर्यंत वाढवावी लागली होती.

तक्रारी? परतीचे पैसे मिळत नाहीत, फक्त बदली माल. चिखलात फोर्कलिफ्ट येईना, तेव्हा एक्सल ढकलगाडीवर आम्हीच ओढला. हँडब्रेकच्या केबली जुळल्या नाहीत. त्या त्याच गाडीच्या तेव्हाच काढून घ्यायला हव्या होत्या, ती चूक माझी. ऑइल सील आणि यू-बोल्ट जुने वापरू नका, नवेच आणा.

मालाला पाचपैकी साडेचार, काउंटरला एक. एक्सल हजार मैल चाललाय, आवाज नाही. फक्त मागची चाकं दोन्ही बाजूंना दीड इंच बाहेर आली आहेत. बायको म्हणते, म्हैस पाय फाकून उभी राहिल्यासारखी दिसते. मडगार्डबाहेर उडणारा चिखल सध्या माझ्याच दारांवर बसतोय.