पाकिटाविना टपाल: ए-फोर सेल्फ-मेलरचा काही महिन्यांचा अनुभव

ठाणे आणि नवी मुंबईतल्या ग्राहकांना जाहिरातपत्रं पाठवण्यासाठी पाकीट सोडून ए-फोर कागद तीन भागांत दुमडून, म्हणजे सेल्फ-मेलर करून, पाठवायला सुरुवात केली, त्याला आता पावसाळा आणि दिवाळीचा मोसम दोन्ही उलटून गेले. मत स्पष्ट आहे: पाकिटापेक्षा हे स्वस्त आणि सुटसुटीत पडतं, मात्र पत्त्याची बाजू सगळ्यात आधी आखायला हवी. बहुतेक ठिकाणी उलटं चालतं. आधी फोटो, मग ऑफर, आणि उरलेल्या कोपऱ्यात पत्ता.

फायदा मुख्यतः वजनाचा. ए-फोर कागद चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, म्हणून जीएसएमला (कागदाचं चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) 16 ने भागलं की एका कागदाचं वजन मिळतं. साध्या पत्राला पहिल्या 20 ग्रॅमपर्यंत 5 रुपये लागतात. डीएल पाकीट (तीन घड्यांचा ए-फोर मावणारं लांबट पाकीट) सुमारे 5 ग्रॅम, 80 जीएसएमचं पत्र 5, 130 जीएसएमचं माहितीपत्रक 8.1 आणि 250 जीएसएमचं 140 × 90 मिमीचं उत्तराचं कार्ड 3 ग्रॅमच्या वर. बेरीज 21 ओलांडते आणि दर नगामागे खर्च दुप्पट होतो. 170 जीएसएमचा सेल्फ-मेलर 10.6 ग्रॅममध्ये बसतो. 250 जीएसएम घेतला तरी 15.6. दमट हवेत कागद ओल धरतो, त्यामुळे वजन काठावर असेल तर तयार दहा नग एकत्र काट्यावर ठेवून सरासरी काढावी. नुसत्या हिशोबावर विसंबू नये.

आता पत्त्याची बाजू. दुमडल्यावर मेलर 210 × 100 मिमी होतो. यूपीयू या जागतिक टपाल संघटनेच्या प्रमाणित पत्राच्या मापात, म्हणजे किमान 140 × 90 आणि कमाल 235 × 120 मध्ये, तो आरामात बसतो. वरचा उजवा कोपरा, 74 मिमी रुंद आणि 40 मिमी उंच, तिकीट किंवा फ्रँकिंग (तिकिटाऐवजी यंत्राने उमटवलेला छाप) आणि शिक्क्यासाठी पूर्ण मोकळा ठेवायचा. फिकट वॉटरमार्कसुद्धा नको. पत्ता वरून 40, उजवीकडून 15 आणि खालून 15 मिमी सोडून, उजव्या कडेपासून 140 मिमीच्या आत. म्हणजे हातात 125 × 45 मिमीचा चौकोन येतो. बारा पॉइंटचं देवनागरी, ओळीला 6 मिमी धरलं, तर सहा ओळी 36 मिमीत मावतात. लोगो आणि पाठवणाऱ्याचा पत्ता डावीकडच्या 70 मिमीत, आणि तोही निम्म्या आकारात. दोन्ही पत्ते सारखेच ठळक असले की पत्र फिरून पाठवणाऱ्याकडेच येण्याची शक्यता वाढते.

पत्त्याच्या यादीवर वेळ घालवा, तिथे कंजुषी नको. नवी मुंबईत ‘सेक्टर 10’ वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे, ऐरोलीतही आहे. नोडचं (वाशी, नेरूळ अशा उपनगराचं) नाव आणि पिनकोड नसेल तर नुसत्या सेक्टरला अर्थ नाही. पिनच्या चढत्या क्रमाने गठ्ठे बांधताना बेलापूर (400614) ठाण्याच्या 400612 आणि 400615 च्या मधे येऊन बसतं. वाशी 400703, नेरूळ 400706, ऐरोली 400708 हा सगळा गट पुढे, आणि खारघर (410210) रायगड जिल्ह्यातलं, म्हणून अगदी शेवटी. बेलापूरचा गठ्ठा हाताने वेगळा काढून नवी मुंबईकडे ठेवावा. सगळे नग एकाच तोंडाने, वर पिनची चिठ्ठी.

मराठी मजकूर छापखान्यात बिघडतो तो फाइल उघडताना. जुन्या कोरलड्रॉमध्ये युनिकोड मजकूर चिकटवला की रफार नीट बसत नाही, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी पडते. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू असावा लागतो. अक्षरं कर्व्हमध्ये (फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्यांत) बदललेली पीडीएफ द्या आणि प्रूफवर ‘मार्ग’, ‘कोर्ट’, ‘पूर्व’ हे शब्द मुद्दाम तपासा, कारण पत्त्यात तेच येतात.

घडीत काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. आतला भाग 97 मिमी, बाकीचे दोन 100. तिन्ही सारखे ठेवले तर आतली कड घडीवर आपटून फुगते. कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) घडीला समांतर घ्यावा आणि 170 जीएसएमपासून पुढे आधी क्रीजिंग करून (घडीच्या जागी दाबून रेघ पाडून) मगच दुमडावं, नाहीतर गडद रंगाच्या घडीवर पांढरी भेग दिसते. बंद घडी खाली, उघडी कड वर, तिथे दोन गोल स्टिकर. उघडी कड खाली ठेवली तर गठ्ठ्यातलं दुसऱ्या कुणाचं पत्र आत शिरतं. स्टेपलरच्या पिना अजिबात मारू नका. पोस्टमनच्या बोटांना लागतात आणि शेजारची पत्रं फाडतात.

या प्रकाराची खरी मर्यादा म्हणजे आत सुटं काही ठेवता येत नाही, दोन्ही बाजूंनी निसटतं. उत्तराचं कार्ड हवं असेल तर एका भागातच 140 × 90 मिमीचं पर्फोरेशन (फाडून काढायची छिद्रांची रेघ) मारून घ्यावं आणि त्यासाठी 250 जीएसएमच घ्यावा. 170 चं कार्ड परतीच्या वाटेवर चुरगळतं. बिझनेस रिप्लायचा (उत्तराचं टपाल ग्राहकाऐवजी आपण भरण्याच्या सोयीचा) परवाना छपाईच्या आधी हातात हवा, कारण परवाना क्रमांक कार्डावर छापायचा असतो.

लॅमिनेशन आणि यूव्ही (चकचकीत लेप) आतल्या बाजूला करा, पत्त्याच्या बाजूला नको. चकचकीत पृष्ठावर फ्रँकिंगची शाई वाळत नाही, बोट लागलं की पसरते. पत्ते लेझरवर, मॅट कागदावर. इंकजेटचा पत्ता जुलैच्या पावसात पोस्टमनच्या पिशवीतच विरघळतो. कागदाच्या 24 लेबलांच्या शीटवर (64 × 34 मिमी) सोसायटी, विंग, सेक्टर, नोड आणि पिन असा पाच ओळींचा मराठी पत्ता कोंबावा लागतो, त्यात मात्रा छाटल्या जातात. थेट छपाईच बरी.

नावनिशी यादी नसेल आणि घोडबंदर रोडच्या एखाद्या पट्ट्यात घरोघरी पत्रक पोचवायचं असेल, तर सेल्फ-मेलर कशाला? त्यासाठी भारतीय टपालाची डायरेक्ट पोस्ट सेवा आहे. त्यात पत्ता लिहायचा नसतो, एका वेळी किमान 1000 नग द्यावे लागतात, आणि घडी-स्टिकरचा खर्चही वाचतो.