ओस्की परीक्षा: फार्मसीच्या विद्यार्थ्यांसाठी कितपत भरवशाची?

1975 साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मांडलेली ओस्की (OSCE, म्हणजे ठरावीक वेळेच्या ‘स्टेशनां’वर एकेक काम करून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा) आता फार्मसीतही रुळली आहे. रुग्णाला औषध समजावणं, प्रिस्क्रिप्शनमधली चूक पकडणं, त्याबद्दल डॉक्टरांशी फोनवर बोलणं या अध्ययन निष्पत्ती (शिकून झाल्यावर जमायला हव्यात अशा गोष्टी) लेखी पेपरात तपासताच येत नाहीत. इथे विद्यार्थ्याला ते करून दाखवावं लागतं.

12 स्टेशनं, प्रत्येकी 8 मिनिटं, मधली 2 मिनिटं सूचना वाचायला आणि जागा बदलायला. दोन तासांत 12 जणांची एक फेरी होते. स्टेशनं कमी करून प्रत्येकाला जास्त वेळ देण्याचा मोह मात्र टाळावा. एका केसमध्ये चमकलेला विद्यार्थी दुसऱ्या केसमध्ये अडखळतो, त्यामुळे चार लांब स्टेशनांवरच्या निकालात नशिबाचा वाटा फार राहतो.

खरी गोम परीक्षक ज्यावर पायरीपायरीने गुण देतो त्या चेकलिस्टमध्ये आहे. प्रेशराइज्ड इन्हेलरचं स्टेशन घ्या. टोपी काढली, हलवला, श्वास सोडला, ओठ घट्ट मिटले, 10 सेकंद श्वास रोखायला सांगितला, या सगळ्याचे गुण मिळाले. पण श्वास आत घ्यायच्या आधीच कॅनिस्टर (औषधाची डबी) दाबायला शिकवलं, तर बरंचसं औषध घशातच अडकतं. कागदावर 10 पैकी 9, आणि रुग्णाला दमा तसाच! संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट रोज लिहिलेलं असताना गोड बोलून ते तसंच देणाराही अशा चेकलिस्टवर पास होतो. म्हणून जीवघेण्या चुका आधीच ठरवाव्यात. अशी चूक झाली की बाकीचे गुण कितीही असोत, त्या स्टेशनवर नापास. हा नियम नसेल तर ओस्की घेऊच नये, इतका तो महत्त्वाचा आहे.

पास होण्याची रेषा सरसकट 50 टक्के ठेवणंही चूक, कारण स्टेशनं सारखी अवघड नसतात. परीक्षकाने चेकलिस्टसोबत नापास, काठावर, चांगला असा एकूण शेराही द्यावा. दोन्हींचा रिग्रेशन आलेख (शेऱ्यागणिक गुण कसे वाढतात ते दाखवणारी सरळ रेषा) काढला की ‘काठावर’ शेऱ्याला जे गुण येतात, ती त्या स्टेशनची रेषा. विद्यार्थी अगदी थोडे असतील तर हा आलेख डळमळतो.

रुग्णाची भूमिका करणाऱ्यांची तालीम हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. सकाळी ॲलर्जी विचारल्यावरच सांगणारा ‘रुग्ण’ दुपारी थकून आपणहून सांगून टाकतो आणि दुपारच्या तुकडीला फुकटचे गुण जातात. प्रत्येक उत्तर, ते कधी द्यायचं हेही, लिहून द्यावं.

निष्पत्तीनिहाय टक्केवारी काढताना प्रत्येक निष्पत्तीला निदान दोन-तीन स्टेशनं हवीत. एकाच स्टेशनवरून आलेला आकडा त्या केसबद्दल बोलतो, कौशल्याबद्दल नाही. खर्च आणि माणसं दोन्ही भरपूर लागतात. त्यामुळे औषधांची नुसती माहिती तपासायला ओस्की वापरू नये, त्याला बहुपर्यायी प्रश्न पुरतात.