टाक की टेक्निकल पेन?

वनस्पतींची शास्त्रीय चित्रं शाईत करायला घेतली की हा प्रश्न पडतोच. टाक म्हणजे शाईत बुडवून वापरायची निब, दाबेल तशी रेघ जाड-बारीक होते; टेक्निकल पेन म्हणजे आत शाई भरलेला, ठरावीक जाडीची एकसारखी रेघ देणारा पेन. रंगाची गोष्ट वेगळी. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती बागेत तिचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी 1847 ते 1850 या काळात करून घेतलेली चित्रं जलरंगातली आहेत, आणि ती पाहून आजही हरखून जायला होतं. पण नव्या जातीचं वर्णन छापायचं असेल, तर बहुतेक वेळा काळी रेघच लागते. ती कशाने काढायची, एवढ्यापुरतंच सांगतो.

मी सहा वर्षं टेक्निकल पेनवरच काम केलं. त्याची शिस्त मला आजही मान्य आहे. चित्र दुप्पट काढून छपाईत निम्मं केलं, की 0.25 मिलिमीटरची रेघ 0.125 वर येते. टाकाच्या बाबतीत असा हिशेब मांडताच येत नाही. ठिपक्यांनी छटा द्यायची तर पेन उभा धरायचा, ठिपका शेवटपर्यंत गोल येतो. टाकाचा ठिपका हात थकला की मोठा पडतो. एप्रिल-मेमध्ये पेनात शाई वाळते, तो हलवून हलवून मनगट भरून येतं. पण तेवढ्यासाठी मी पेन सोडला नसता.

सोडला तो छोट्या कल्प्यामुळे. पावसाळ्यात टेकडीवर भेटणारं हे रोप, फुलं मान खाली घातलेली. त्याचं पान भिंगाखाली धरा. एकेक राठ केस बारीकशा पुळीतून वर येतो, बुडाशी जाड आणि टोकाला विरत गेलेला. ओळख पटवताना ते बूडच बघतात. टेक्निकल पेनने काढलेला केस मात्र वरपासून खालपर्यंत सारखा, टोकाला बोथट. पानावर काड्या टोचून ठेवल्यासारखं दिसतं. टोक काढायचं तर प्रत्येक केस दोन रेघा जुळवून करायचा. एका पानावर असे शेकडो. तिसऱ्या संध्याकाळी ते चित्र बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी अप्पा बळवंत चौकातून टाक आणि मॅपिंग निब, म्हणजे बारीक, लवचिक टोकाची निब, घेऊन आलो.

टाकाने तोच केस एका ओढीत होतो. बुडाशी किंचित दाबायचं, टोकाकडे जाताना हात उचलत न्यायचा. शिरा, मुळं, गवताची कुसळं, सगळ्यांना हीच ओढ लागते.

टाकाचे त्रासही कमी नाहीत. नव्या निबवर तेलाचा थर असतो, तो कोमट पाण्याने आणि साबणाने काढल्याशिवाय शाई धरत नाही. हातकागदाच्या तंतूत टोक अडकतं आणि शिंतोडा उडतो, म्हणून गुळगुळीत ब्रिस्टल बोर्डच घ्या. जुलैत शाई वाळता वाळत नाही. तळहाताखाली कोरा कागद ठेवावाच लागतो.

तुम्ही मुख्यतः भुंगेरे काढत असाल, पंखांवरचे खळगे ठिपक्यांनी दाखवत असाल, तर बहुधा टेक्निकल पेनच सोयीचा पडेल. चित्राशेजारी प्रमाण दाखवणाऱ्या मोजपट्टीची रेघ मीही अजून त्यानेच काढतो. लव असलेल्या वनस्पती काढायच्या असतील, तर मला वाटतं एकदा टाक हातात धरून बघावा. निब दोन घ्या, पहिली शिकताना वाकतेच. आणि सुरुवात पानांवर नको, आधी आठ दिवस नुसती कुसळं काढा.