एक्स११ फॉरवर्डिंग : काही महिन्यांच्या वापरानंतर त्या २० मिनिटांबद्दल

सातपूरच्या डिझाइन ऑफिसात दणकट लिनक्स मशीन एकच, बाकी टेबलांवर जुने लॅपटॉप. एक्स११ फॉरवर्डिंगमध्ये प्रोग्राम त्या मशीनवर चालतो, खिडकी आपल्या स्क्रीनवर उघडते. लायसन्सला एक रुपया लागत नाही, म्हणून एवढे महिने व्यवस्था आवडीने वापरली. ऑफिसात मॅक आला आणि एका दोषाने वैताग आणला.

मॅकवर एक्सक्वार्ट्झ (अशा खिडक्या दाखवणारा प्रोग्राम) टाकून 'एसएसएच -एक्स'ने, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या कमांडने, जोडलं की आधी सगळं सुरळीत चालतं. थोड्या वेळाने दुसरा प्रोग्राम सुरू करायला जावं तर 'कॅनॉट ओपन डिस्प्ले'. आधीच्या खिडक्या मात्र चालूच! मग माणूस फायरवॉल, केबल, राउटर तपासत बसतो; त्यांचा काहीच दोष नसतो. -एक्सने केलेल्या जोडणीवर एसएसएच पूर्ण विश्वास ठेवत नाही आणि तिला 'फॉरवर्डएक्स११टाइमआउट'ची मुदत लावतं, मुळात २० मिनिटं. ती संपली की नवा प्रोग्राम नाकारला जातो. उबुंटूच्या लॅपटॉपवर हे दिसत नाही, कारण तिथे 'फॉरवर्डएक्स११ट्रस्टेड' आधीपासून 'येस' असतं. -एक्स दिलं तरी ते -वायसारखंच, म्हणजे पूर्ण विश्वासाच्या जोडणीसारखं, वागतं. मुदत संपली एवढं साधं वाक्य स्क्रीनवर का येऊ नये? मला हे अजिबात पटत नाही.

मशीन आपलंच असेल तर सरळ -वाय वापरा. परक्या सर्व्हरवर नको, तिथल्या रूटला, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनला, तुम्ही टाइप केलेलं सगळं वाचता येतं. तिथे -एक्सच ठेवा (उबुंटूच्या लॅपटॉपवर आधी 'फॉरवर्डएक्स११ट्रस्टेड' 'नो' करून) आणि मुदत वाढवा.

पहिल्यापासूनच खिडकी येत नसेल तर लॉगिन करून डिस्प्ले व्हेरिएबल (खिडकी कुठे दाखवायची ते सांगणारी सेटिंग) छापून बघा. 'लोकलहोस्ट:१०.०' असं काही आलं तर ठीक. रिकामं आलं तर सर्व्हरच्या एसएसएचडी (एसएसएचची सर्व्हरवरची सेवा) कॉन्फिगमध्ये 'एक्स११फॉरवर्डिंग येस' आहे का आणि एक्सऑथ, म्हणजे जोडणीच्या परवानगीची कुकी लिहिणारं साधन, टाकलंय का ते पाहा. मिनिमल इन्स्टॉलमध्ये ते बहुतेक नसतंच. सर्व्हरवर आयपीव्ही६ (नेटवर्क पत्त्यांची नवी पद्धत) बंद केलं असेल तर त्याच कॉन्फिगमध्ये 'ॲड्रेसफॅमिली आयनेट' लिहून एसएसएचडी रीस्टार्ट करा. बॅशआरसीमध्ये (टर्मिनल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) कुणी हाताने डिस्प्ले सेट केला असेल तर ती ओळ काढा. सर्व्हरवर तुमच्या होम फोल्डरची डिस्क भरली असली तरी एक्सऑथला कुकी लिहिता येत नाही. 'एक्सहोस्ट +' मात्र कुणी कितीही सांगितलं तरी करू नका, त्याने तुमची स्क्रीन सगळ्यांना उघडी होते.

एवढं जमल्यावर ऑफिसच्या लॅनवर मी याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. घरून, गंगापूर रोडवरच्या ब्रॉडबँडवरून वापरल्यावर मत बदललं. मेनू उघडायलाही सर्व्हरशी अनेक फेऱ्या होतात, त्यामुळे -सी लावून डेटा दाबला तरी फारसा फरक पडत नाही. त्यात लाइन तुटली की प्रोग्रामही मरतो, सेव्ह न केलेलं काम गेलं. म्हणून घरून आता एक्सप्रा. सेशन सर्व्हरवर जिवंत राहतं, लाइन आली की पुन्हा 'अटॅच' करायचं, खिडकी होती तशी समोर. हेही फुकट, फक्त दोन्ही मशीनवर टाकावं लागतं, आणि सर्व्हर यूपीएसवर हवा.