दारूबंदीतल्या टोळ्या: आधी शिकागो वाचावं की न्यू यॉर्क?

अमेरिकेत १७ जानेवारी १९२० ते ५ डिसेंबर १९३३ या काळात दारूबंदी होती. तेव्हाच्या टोळ्यांविषयी वाचायला घेतलं की बहुतेक जण शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन याच्यापासून सुरुवात करतात. मी म्हणेन, कपोन नंतर. आधी एक प्रश्न मनाशी धरा: धंदाच बेकायदा असेल आणि दिलेला शब्द कुणी मोडला, तर दाद मागायची कुठे? शिकागोला याचं उत्तर आतून कधी सापडलं नाही. न्यू यॉर्कला सापडलं.

शिकागोत वाचावा तो जॉनी टोरिओ. हा कपोनचा गुरू. गिऱ्हाईक सगळ्यांना पुरून उरेल इतकं आहे, मग भांडायचं कशाला, हा त्याचा साधा हिशेब. त्याने शहराचे इलाके वाटून दिले. उत्तरेकडच्या टोळीचा प्रमुख डीन ओबॅनियन या वाटणीत होता. त्याचं कॅथेड्रलसमोर फुलांचं दुकानही होतं. टोरिओच्या बाजूचे जेना बंधू मात्र वस्तीतल्या घराघरांत भट्ट्या लावून स्वस्त दारू गाळून घेत आणि ती ओबॅनियनच्या इलाक्यात विकत. ओबॅनियनने टोरिओकडे तक्रार केली, पण काही झालं नाही. मग मे १९२४ मध्ये त्याने सीबेन ब्रुअरीतला आपला हिस्सा ५ लाख डॉलरना टोरिओला विकला. धाड पडणार हे त्याला ठाऊक होतं, टोरिओला नव्हतं. टोरिओ पकडला गेला. १० नोव्हेंबरला ओबॅनियन आपल्या फुलांच्या दुकानात मारला गेला.

पुढचं सगळं सूडाचं आहे. जानेवारी १९२५ मध्ये टोरिओवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला आणि कारभार कपोनच्या हाती देऊन निघून गेला. १९२६ मध्ये ओबॅनियनचा वारस हायमी वाइस मारला गेला, आणि १४ फेब्रुवारी १९२९ला नॉर्थ क्लार्क रस्त्यावरच्या गॅरेजात सात जण भिंतीशी उभे करून मारले गेले. उत्तरेकडच्या टोळीचा तेव्हाचा प्रमुख बग्ज मोरान त्यात नव्हता. या हत्याकांडाबद्दल खूप लिहिलं गेलंय, पण समजून घेण्यासारखं जे आहे ते १९२४ मध्येच घडून गेलं होतं.

न्यू यॉर्कमध्येही रक्त कमी सांडलं नाही. मासेरिया आणि मारान्झानो या दोन टोळीप्रमुखांची लढाई १९३१ मध्ये दोघांच्याही खुनाने संपली. फरक पडला तो त्यानंतर. त्यांच्यानंतर वर आलेल्या लकी लुचियानोने 'सर्वांचा मुख्य' हे पदच ठेवलं नाही. टोळीप्रमुखांचं एक मंडळ नेमलं आणि तंटे तिथे आणायचे असं ठरवलं. म्हणजे बेकायदा धंद्याला स्वतःची पंचायत मिळाली. मला हे गॅरेजातल्या हत्याकांडापेक्षा भयंकर वाटतं. १९३६ मध्ये लुचियानो तुरुंगात गेला, तरी मंडळ चालू राहिलं. कर चुकवल्याबद्दल कपोनला १९३१ मध्ये ११ वर्षांची शिक्षा झाली. त्याची टोळी टिकली आणि पुढे याच मंडळात बसली.

डेट्रॉइटची पर्पल गँग तूर्त बाजूला ठेवा. नदीपलीकडच्या कॅनडातून दारू कशी येत होती, हे पाहायचं असेल तरच तिच्याकडे वळा.

वेळ थोडा असेल तर शिकागोचं फक्त १९२० ते १९२५ वाचा आणि थेट न्यू यॉर्कच्या १९३१ वर या. माणसांचे स्वभाव, हेवेदावे यांत रस असेल, तर मात्र ओबॅनियनची उत्तरेकडची टोळी मोरानपर्यंत सलग वाचा.