अर्ज टाकायचा, की कुणाला शब्द टाकायला सांगायचं?

नोकरी शोधणाऱ्याच्या हाती दिवसाचा फार तर एखादा तास असतो. बाकीचा वेळ आहे ती नोकरी खाते, नाहीतर नसलेल्या नोकरीची काळजी. तो तास लिंक्डइनवर घालवायचा, इंडीडसारख्या जॉब पोर्टलवर, की गिटहब-बिहान्सवर आपलं काम मांडण्यात? प्रोफाइल भरा, बटण दाबा, वाट बघा हे सगळीकडे सारखंच, त्यामुळे एक उघडलं काय नि दुसरं काय, असं मलाही बराच काळ वाटायचं.

पोर्टल म्हणजे जाहिरातींचा बाजार. इंडीड २००४ मध्ये सुरू झालं तेच मुळी ठिकठिकाणच्या जाहिराती एका जागी शोधून देणारं सर्च इंजिन म्हणून, आणि आजही त्याची खरी ताकद तीच आहे. पद टाका, ठिकाण टाका, अलर्ट लावून ठेवा. कुणाशी बोलायची गरज नाही. संकोची माणसाला यासारखं सुख नाही. पण तुम्हाला जे सोपं, ते इतरांनाही तितकंच सोपं. जाहिरात जुनी झाली की अर्जांचा ढीग होतो, आणि एचआरमधला माणूस तो वरून खाली वाचत बसत नाही. तो सॉफ्टवेअरमध्ये शब्द टाकून चाळतो. जाहिरातीत ‘पेरोल’ असेल आणि तुम्ही ‘पगारपत्रकाचं काम’ लिहिलं असेल, तर तुम्ही त्या चाळणीत अडकलात.

तरीही नर्सिंग, अकाउंट्स, गोदाम, ड्रायव्हिंग, दुकानातली विक्री अशा ठरलेल्या नावाच्या कामांसाठी मी आधी पोर्टलच उघडायला सांगेन. तिथे माणूस लवकर हवा असतो. लिंक्डइनवर हेडलाइन, म्हणजे नावाखालची ओळ, घासूनपुसून काही होत नाही.

लिंक्डइनचं गणित वेगळं आहे. २००३ च्या मे महिन्यात ते सुरू झालं, आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते घ्यायला २,६२० कोटी डॉलर मोजले. त्याची मोठी कमाई आपल्यासारख्यांकडून होत नाही, उमेदवार शोधायचं साधन विकत घेणाऱ्या कंपन्यांकडून होते. म्हणजे तिथे आपण गिऱ्हाईक कमी आणि शोकेसमधला माल जास्त. हे एकदा डोक्यात बसलं की नावाखालच्या ओळीचं महत्त्व कळतं. ‘नव्या संधीच्या शोधात’ असं लिहिणाऱ्याला रिक्रूटर, म्हणजे कंपनीसाठी माणसं शोधणारा, शोधणार कोणत्या शब्दाने? त्यापेक्षा ‘सॉफ्टवेअर टेस्टर, पेमेंट अ‍ॅप, ४ वर्षं’ हे रुक्ष असलं तरी सापडतं.

पण लिंक्डइनवर बसायचं ते मुख्यतः ओळखींसाठी. मार्क ग्रॅनोवेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच मांडलं होतं की नोकरीची बातमी जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक येते. कारण साधं आहे. जवळच्यांना जे ठाऊक, ते आपल्यालाही आधीच ठाऊक असतं. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरच्या प्रयोगांचा अभ्यास आला. त्यात ही गोष्ट बरीचशी खरी ठरली, पण एक मेख निघाली. डिजिटल कामाच्या उद्योगांत विरळ ओळखी उपयोगी पडतात. जिथे असं काम कमी, तिथे जवळचीच माणसं कामी येतात. तुम्ही त्या दुसऱ्या गटातले असाल, तर लिंक्डइनवर तास घालवण्याऐवजी जुन्या सहकाऱ्याला सरळ फोन करा.

ओळख काढायची कशी? बहुतेक जण लिहितात, ‘नमस्कार सर, आपल्या कंपनीत काही ओपनिंग असल्यास कळवावे.’ याला उत्तर काय देणार? आता हे बघा: ‘तुमच्या टीममधली टेस्टिंगची जागा पाहिली. जाहिरातीत ऑटोमेशन लिहिलंय, पण रोजच्या कामात मॅन्युअल किती असतं?’ याला उत्तर देता येतं, तेही चहा पिता पिता. लिंक्डइनवर ओळखीच्या विनंतीसोबत जोडायच्या चिठ्ठीला अक्षरांची मर्यादा असते आणि फुकटच्या खात्यावरून महिन्याला मोजक्याच पाठवता येतात, म्हणून नमस्कार-चमत्कारात जागा घालवू नका. बोलणं रंगलं तर ‘रेझ्युमे पाठवा, आत देतो’ हे समोरूनच येतं. यात ओशाळण्यासारखं काही नाही. बऱ्याच कंपन्या आपल्या माणसांना रेफरलचे, म्हणजे उमेदवार सुचवल्याचे, पैसे देतात. हा वशिलाही नव्हे, मुलाखत आपल्यालाच द्यायची असते. फक्त ढिगातला कागद वर येतो.

नोकरीत असताना शोधत असाल तर लिंक्डइनवरची ‘ओपन टू वर्क’ ही ‘मी नोकरी शोधतोय’ सांगणारी खूण जपून वापरा. फोटोभोवतीचं हिरवं कडं सगळ्यांना दिसतं. मी एका रविवारी ते हौसेने लावलं, आणि सोमवारी जेवताना शेजारच्या टीममधल्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘काय, निघालात?’ फक्त रिक्रूटरना दिसेल असा पर्याय आहे. तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून तो लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण खात्री देत नाही. प्रीमियमचं, म्हणजे पैसे भरून घ्यायच्या खात्याचं म्हणाल, तर अनोळखी लोकांना थेट निरोप पाठवायची सोय मिळते. फुकटची चाचणी मुलाखतींच्या महिन्यातच घ्या आणि रद्द करायची तारीख लिहून ठेवा.

गिटहब आणि बिहान्स ही प्रोग्रामर आणि डिझायनर मंडळींची जागा, इतरांनी तिकडे फिरकायचं कारण नाही. अर्धवट चाळीस प्रोजेक्टांपेक्षा नीट समजावून मांडलेले तीन बरे. जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा स्वित्झर्लंडच्या जर्मन भागात जायचं असेल, तर हॅम्बुर्गमध्ये सुरू झालेलं, लिंक्डइनसारखंच झिंगही उघडा, पण जर्मन येत असेल तरच.

आणि कुठेही, कुणीही, नोकरीआधी ‘रजिस्ट्रेशन’ किंवा ‘ट्रेनिंग’चे पैसे मागितले, तर ब्लॉक करून मोकळे व्हा.

माझं सांगायचं तर आताच्या जागेची जाहिरात मला पोर्टलवर दिसली. तिथला ‘अप्लाय’ न दाबता मी लिंक्डइनवर त्या कंपनीतली माणसं चाळली, तर एक जुना सहकारी सापडला. निरोपसमारंभानंतर सहा वर्षांत आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो. त्याने आत शब्द टाकला. अर्ज मात्र कंपनीच्या साइटवर मलाच भरावा लागला, रेझ्युमे अपलोड करून वर तीच माहिती पुन्हा एकेका रकान्यात. दीड तास गेला.